गोल काचेपाशी

या. आत या.

दार मागे ओढून घ्या. बाहेर जानेवारी आहे.

पायपुसण्यावर बूट दोनदा आपटा. बर्फाचा चुरा गळू द्या.

आता इथेच, दाराशी, घटकाभर उभे राहा. घाई नाही.

नाकाशी काय येतंय ते बघा. ओलसर ऊब. साबणाचा वास. त्याच्याखाली तापलेल्या सुती कापडाचा वास, इस्त्री फिरवताना येतो तसा.

श्वास आत घ्या. ही ऊब आत येऊ द्या.

श्वास सोडा. रस्त्यावरची थंडी रस्त्याकडे जाऊ द्या.

पुन्हा एकदा. सावकाश.

*

आपण न्यूयॉर्कमध्ये आहोत. क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला. बाहेर रूझवेल्ट ॲव्हेन्यू आहे. त्या रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून, सात नंबरची गाडी जाते. ती आली की दुकानाची काच थरथरते. गेली की थरथर निवते.

इथल्या जुन्या इमारतींत घरोघरी धुण्याचं यंत्र नसतं. मग धुणं साठवायचं, दोन चाकांच्या गाडीत कोंबायचं आणि अशा दुकानात यायचं. नाणी टाकायची. बसायचं. धुणं घेऊन घरी जायचं.

पुष्कळ दुकानांत आता कार्ड चालतं, फोन चालतो. हे दुकान जुन्या वळणाचं आहे. इथे अजून नाणी लागतात.

एका भिंतीला धुण्याची यंत्रं. समोरच्या भिंतीला सुकवण्याची, एकावर एक. मध्ये घड्या घालायला लांबलचक टेबल. खिडकीशी एकमेकींना जोडलेल्या नारिंगी प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

आणि जिकडे बघाल तिकडे गोल काचा.

एक काच निवडा. ती कोपऱ्यातली, सगळ्यांत मोठी. तिच्यावर ६० पौंड असं लिहिलंय. म्हणजे २७ किलो धुणं ती पोटात घेईल.

आजचा आपला मुक्काम त्या काचेपाशी.

*

आधी बोचकं सोडू या.

गाठ घट्ट बसली आहे. नखाने हळूहळू सैल करा. सुटली की बोचकं आपोआप पसरतं, जागा धरून बसतं.

एकेक कपडा हातात घ्या. चादरी. टॉवेल. थंडीचे जाड मोजे. थर्मल. कोपराशी मऊ पडलेला स्वेटर.

खिसे चाचपा. एक कागदी रुमाल निघतो. एक बिल निघतं, चारदा दुमडलेलं. ते बाजूला ठेवा. उघडून वाचू नका.

उशीचा अभ्रा नाकाजवळ न्या. संकोच नको, कुणी बघत नाहीये. डोक्याच्या तेलाचा वास. झोपेचा वास. हे डोकं कुणाचं, ते डोळे मिटूनही सांगता येतं.

तो वास एकदा पुरता घ्या. अर्ध्या तासाने तो नसेल.

आणि सगळ्यांत तळाशी, गोधडी.

*

तिला दोन्ही हातांवर घ्या. तान्ह्या मुलाला घेतात तशी.

वजन जाणवू द्या.

ही इथवर बॅगेतून आली. तेवीस किलोंच्या हिशेबात तिला जागा मिळाली ती लोणच्याच्या बरणीला गुंडाळायला म्हणून. बरणी केव्हाच रिकामी झाली. गोधडी आहे.

आता तिची एक वीतभर जागा निवडा. तेवढीच बघा.

वर हिरवं लुगडं. कधीकाळी हिरवं. आता वाळलेल्या गवतासारखं. काठाचा तांबडा अजून थोडा तग धरून आहे.

एका ठिकाणी कापड विरलंय. त्यातून खालचा थर दिसतो. पांढरा. जुनं धोतर असावं. त्याच्याही खाली काहीतरी निळं.

बोट त्या विरलेल्या जागी ठेवा. दाबू नका. ठेवा नुसतं.

आता धावदोरा बघा. काठापासून सुरू झालेला. चारी बाजूंनी फिरून एक चौकट पुरी करतो, मग तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. बोट दोऱ्यावरून चालू द्या. बाहेरून आत. बाहेरून आत.

सहाव्या का सातव्या चौकटीत एक टाका वाकडा गेला आहे.

इथे थांबा.

इथे दिवा मंद झाला असेल. किंवा स्वयंपाकघरात दूध उतू गेलं असेल. किंवा कुणीतरी "आजी" म्हणून हाक मारली असेल.

पुढचा टाका पुन्हा सरळ आहे.

तो वाकडा टाका बोटाखाली असू द्या. एक श्वास. अजून एक.

मग गोधडी यंत्रात ठेवा. बाकीचं धुणं तिच्याभोवती.

*

आता नाणी.

बँकेतून आणलेली गुंडाळी टेबलाच्या कडेवर आपटून फोडा. कागदाच्या त्या नळीत ४० क्वार्टर असतात. दहा डॉलर. ओंजळीत घ्या. पाव किलोला जरा कमी भरतात.

एक नाणं चिमटीत धरा. गार आहे.

त्याच्या कडेवरून नख फिरवा. बारीक बारीक खाचा लागतात. ११९ खाचा आहेत. मोजायच्या नाहीत. नख फिरू द्या, बास.

कडेला तांब्याची रेघ दिसते का? १९६५पासून हे नाणं असंच घडतं, पोटात तांबं आणि अंगावर रुपेरी मुलामा.

क्वार्टर म्हणजे पाव डॉलर. आपल्याकडे याला केव्हाचं नाव आहे. पावली.

आपली पावली २०११ साली चलनातून गेली. पण बटव्यातला तिचा आवाज कानात असेल. आरतीच्या तबकात पडतानाचा असेल.

इथे पावली अजून चालते. खाचेत सोडा.

टण्.

ऐका. ती घरंगळते. कुठेतरी अडते. मग पडते. आकडा पावलीभर उतरतो.

दुसरी.

टण्.

या मोठ्या यंत्राला २८ लागतात. उरकून टाकू नका. एक पडल्याचा आवाज पुरता ऐकू आला, की मगच दुसरी.

सोडा. ऐका.

सोडा. ऐका.

अठ्ठाविसावी पडते. दाराचं कुलूप आतून बसतं. खट्.

आता पाणी पुरतं उतरेपर्यंत हे दार उघडणार नाही. आपल्या हातात आता काहीही नाही.

हात मांडीवर ठेवा. रिकामे.

बसा.

*

खुर्ची गार आहे. पाठ टेकवा. पाय जमिनीला लागू द्या.

काच समोर आहे.

आधी पाणी येतं. दिसण्याआधी ऐकू येतं. वरून, मागून, पाझरत येतं.

कोरडं कापड पाणी पितं. बघा, रंग गडद होत चाललेत.

गोधडीचा एक कोपरा काचेला टेकला आहे. वाळक्या गवताचा रंग भिजतो. सावकाश हिरवा होतो. दुकानातून पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा लुगडं जसं होतं, जवळजवळ तसा.

पाण्यात असेपर्यंत तो हिरवाच राहील.

बघत राहा.

*

आता पिंप फिरू लागतं.

त्याच्या आतल्या अंगाला उंच पट्ट्या आहेत. त्या धुण्याला खालून उचलतात, कडेकडेने वर नेतात. वर गेलं की धुणं सुटतं. खाली पाण्यात पडतं.

थप्.

सगळं एवढंच आहे. उचल. सोड.

उचल. सोड.

उचल. सोड.

आपल्या श्वासापेक्षा हे फेरे जलद आहेत. त्यांच्यामागे धावू नका. एका श्वासात तीन-चार फेरे मावतील. मावू द्या.

हिरवा कोपरा वर जातो. दिसेनासा होतो. चादरीआडून पुन्हा येतो.

तो आला, की बघा. गेला, की शोधू नका. येईल.

उचल. सोड.

मन दुसरीकडे गेलं का? घरभाडं, उद्याचा डबा, न केलेला फोन? जाऊ द्या. तेही वर जाईल, खाली येईल.

काचेकडे परत या.

*

काही फेरे झाले की पिंप थांबतं.

लक्ष द्या. आताच थांबलंय.

धुणं तळाशी बसतं. फेस काचेवरून ओघळतो. पाणी हलत राहतं, मग निवतं.

मग पिंप उलट्या बाजूने फिरू लागतं.

धुण्याचा पीळ पडू नये म्हणून ते असं दिशा बदलतं. डावीकडून उजवीकडे. थांबा. उजवीकडून डावीकडे. थांबा.

या थांब्यांची वाट बघू नका. पण आला, की तिथे असा.

फिरणं.

थांबणं.

या थांब्यात काचेवर एक चेहरा दिसतो. तुमचाच. मागे नारिंगी खुर्ची, वर नळीचा दिवा.

फेरा सुरू होतो. चेहरा पुसला जातो.

*

आता काचेतून जरा लांब बघू या. डोळे मिटायची गरज नाही.

मागे कधीतरी, गावाकडे, नवरात्र तोंडावर आलंय. घट बसायला दोन दिवस. घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघालंय. बैलगाडीत, डोक्यावर, सायकलच्या कॅरिअरला बांधून गोधड्या नदीवर चालल्यात.

पाऊस नुकता ओसरलेला. पाणी अजून वाहतं आहे, घोट्याला ओढ लावणारं.

पाय पाण्यात घाला. गार.

तळपायाखाली गोटे. शेवाळाचा बुळबुळीतपणा. बोटं आवळून घ्या.

गोधडी प्रवाहात सोडलीय. ती फुगते, पाण्यावर पसरते, जायला बघते. एकीने पदर खोचून तिच्यावर पाय दिलाय. ती तुडवू लागते. एक पाय, दुसरा पाय. एक पाय, दुसरा पाय.

पलीकडच्या दगडावर दुसरीचं धोपटणं चाललंय.

हात वर जातो. खाली येतो.

आधी दिसतं. आवाज मागून येतो, पाण्यावरून.

थप्.

उचल. सोड.

नदीकाठाला सगळीकडे तोच ठेका. कुणी कुणाशी जुळवून घेतलेला नाही. तरी जुळतो.

भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना. एक उजवीकडे पिळते, एक डावीकडे. मधून पाण्याची धार लागते. धार बारीक होते. थेंब होते.

मग ती काठावरच्या झुडपांवर, तापलेल्या खडकांवर. सगळा काठ लुगड्यांच्या रंगांचा.

एवढं बघा.

आता काचेकडे या.

तीच हालचाल आहे. दगडाच्या जागी पोलाद आलं, हाताच्या जागी वीज.

थप्.

*

पाणी बघा आता.

स्वच्छ आलं होतं. करडं झालंय.

यातला बराचसा मळ बाहेरचा नाही. आपलाच आहे. अंगाचं तेल. घाम. त्वचेचे गळून पडलेले बारीक कण. महिनाभर झोपता झोपता आपण थोडे थोडे त्या चादरींत उतरलो होतो.

त्याची घाण वाटून घेऊ नका. बघा फक्त.

साबणाच्या कणाला दोन टोकं असतात. एक टोक पाण्याकडे ओढ घेतं. दुसरं तेलाकडे. तेलाकडचं टोक मळात रुततं. पाण्याकडचं टोक पाण्यात राहतं. असे पुष्कळ कण मळाच्या थेंबाभोवती गोल बसतात. थेंब धाग्यावरून सुटतो.

सुटतो, आणि तरंगत राहतो. पुन्हा कापडावर बसत नाही.

गळ्याशी, खांद्याशी, जबड्याशी काही धरून ठेवलं आहे का?

तिथे श्वास जाऊ द्या.

सैल.

*

काचेवर नजर असू द्या. कान मोकळे करा.

सगळ्यांत जवळचा आवाज कुठला? यंत्राचा. पाण्याचा.

त्याच्या पलीकडे? सुकवणाऱ्या यंत्रात एक धातूचं बटण फिरतंय. टिक, टिक, टिक.

त्याच्याही पलीकडे दोन बायका स्पॅनिशमध्ये बोलतायत. हळू आवाजात. एकीला हसू येतं, ती ते आवरते. टेबलापाशी एक गृहस्थ फोनवर बांगलात कुणालातरी समजावतायत. शब्द कळत नाहीत. समजावणं कळतं.

आणि सगळ्यांत लांब, सात नंबरची गाडी. येते आहे. येते आहे. डोक्यावर आली. काच थरथरली.

गेली.

तिच्या मागे राहिलेली शांतता ऐका.

*

अशी माणसं बसत आलीत.

१९३४ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला एक दुकान निघालं. विजेवरची चार यंत्रं, तासाच्या भाड्यावर. त्याचं नाव वॉशटेरिया. पुढच्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीने आपल्या धुण्याच्या यंत्राला लाँड्रोमॅट असं नाव दिलं. यंत्राचं नाव दुकानाला लागलं आणि तिथेच राहिलं.

तेव्हापासून कुणी ना कुणी अशा यंत्रासमोर बसलेलं आहे. नव्वदहून अधिक वर्षं. मांडीवर रिकामे हात. समोर आपलेच कपडे, फिरताना.

त्या सगळ्यांच्या शेजारी आपणही बसू.

*

दुकानातल्या बाई केरसुणी घेऊन आल्या आहेत. यंत्रांच्या पायाशी पडलेले धाग्यांचे पुंजके त्या एका जागी लोटतायत.

खर्र. खर्र.

त्या जवळ आल्या की पाय वर घ्या. त्या मान हलवतील. तुम्हीही हलवा.

आपल्याकडे परिटाच्या घरात एक मूल जन्मलं, १८७६ साली, अमरावतीकडच्या शेणगावात. डेबूजी. मोठेपणी हातात खराटा घेतला. ज्या गावात जाईल ते गाव झाडायचं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, म्हणून कुणी त्यांना गोधडे महाराज म्हणालं. जवळच्या गाडग्यावरून नाव पडलं ते जगाने ठेवलं. गाडगेबाबा.

धुणं, झाडणं, गोधडी. तिन्ही एकाच माणसापाशी.

खर्र. खर्र.

आवाज लांब गेला. जाऊ द्या.

*

काचेत बदल झालाय. बघा.

करडं पाणी गेलं. नवं आलं. धुणं आता पाण्यातून निघतंय. फेस विरळ झालाय.

एक पाणी.

मग दुसरं. हे अधिक स्वच्छ.

मग तिसरं. यातून पलीकडची भोकं दिसतात, पिंपाच्या पाठीची.

घाई कुणालाच नाही. पाण्याला नाही. आपल्याला नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

एक पाणी. दुसरं पाणी. तिसरं.

*

आता पिंपाचा वेग वाढतो.

आवाज चढत जातो. आधी गुणगुण, मग घुमणं. पायाखालची फरशी किंचित थरथरते. तळपायांना ती कळू द्या.

धुणं आता खाली पडत नाही. ते कडेला चिकटलं आहे. भोकांतून पाणी बाहेर फेकलं जातं.

आणि मध्यभाग बघा.

मोकळा.

इतका वेळ जिथे चादरी, टॉवेल, बाह्या एकमेकांवर पडत होत्या, तिथे काहीच नाही. सगळं परिघावर. मधे एक गोल पोकळी, अजिबात न हलणारी.

त्या पोकळीत नजर ठेवा.

भोवती सगळं वेगात आहे. नजर जिथे आहे तिथे काही हलत नाही.

इथे जितका वेळ राहता येईल तितका वेळ राहा.

…

आवाज उतरतो.

घुमणं. गुणगुण. मग नुसती हवा.

धुणं कडेवरून सुटून तळाशी येतं.

खट्. कुलूप उघडलं.

लगेच उठू नका. ही शांतता आपल्याला २८ पावल्यांत मिळाली आहे.

एक श्वास.

आता उठा.

*

दार उघडा. गार वाफ चेहऱ्याला लागते.

गोधडी ओढून काढा. बघा किती जड झाली. ओलं कापड हातांना खाली ओढतं. पिळायला दुसऱ्या टोकाला कुणी नाही. यंत्राने जमेल तितकं पिळलंय. उरलेलं पाणी तिच्या अंगात आहे.

तिला छातीशी धरून समोरच्या भिंतीपर्यंत न्या. आठ पावलं आहेत. सदऱ्याला ओल लागेल. लागू द्या.

सुकवणाऱ्या यंत्रात घाला. तिच्यामागून बाकीचं धुणं. आच मंद ठेवा.

ओंजळीत १२ पावल्या उरल्यात. एकेक सोडा.

टण्.

टण्.

आत ऊब धरू लागते. पिंप फिरतं. इथेही तेच. उचल. सोड. पण आता आवाज वेगळा. ओल्याचा थप् होता. हा दबका, कोरडा होत जाणारा.

तळहात काचेवर ठेवा.

आधी गार. मग कोमट. मग ऊब हातात चढते. मनगटापर्यंत येऊ द्या. कोपरापर्यंत.

काचेआड गोधडी हलकी होत चालली आहे. आता ती वरून पडताना जरा रेंगाळते. हवेत उघडते. पडते.

हिरवा रंग पुन्हा वाळक्या गवताचा होतोय.

होऊ द्या.

*

यंत्र थांबलं की गोधडी काढायच्या आधी एक काम आहे.

खाली बसा. यंत्राच्या पायाशी एक लहान दार आहे. उघडा. आत जाळी आहे. तिच्यावर तंतूंचा एक थर बसलाय, बोटाएवढा जाड नाही, पण अखंड. लोक त्याला लिंट म्हणतात.

बोटांनी एका कडेने सोडवा. सबंध निघतो. मऊ. गरम. वजन नसल्यासारखा.

तळहातावर घ्या.

करडा दिसतो. जवळ न्या. करड्यात हिरवं आहे. तांबडं आहे. निळं आहे. धोतराचं पांढरं आहे. टॉवेल, मोजे, स्वेटर, सगळ्यांनी थोडं थोडं दिलं आहे.

आणि गोधडीने.

दर धुण्याला ती एवढी एवढी कमी होते. नदीवरही होत होती. तिथे ते तंतू पाण्याबरोबर जायचे, म्हणून दिसायचे नाहीत. इथे जाळीने अडवून हातावर ठेवलेत.

बघा.

मळ गेला. त्याच्याबरोबर थोडी गोधडीही गेली. एकाला धुऊन दुसरीला तेवढंच ठेवता येत नाही.

हा पुंजका खिशात घालावासा वाटेल. वाटू द्या.

तळहात तसाच उघडा ठेवा. पुंजक्याची ऊब ओसरते. तळहाताइतकी होते. मग कळेनाशी होते.

शेजारी डबा आहे.

श्वास आत.

श्वास सोडता सोडता, हात उपडा करा.

*

आता गोधडी.

टेबलावर पसरा. अजून गरम आहे. तळव्यांनी सुरकुत्या सारा, मधून कडेकडे. मधून कडेकडे.

काठाला काठ जुळवा. कोपऱ्याला कोपरा. अर्धी. पाव. तिच्यावर हाताने दाब द्या. कडक, धारदार घडीला आपण परीटघडी म्हणतो. गोधडीची परीटघडी होत नाही. ती फुगतेच. दाब काढला की हळूच वर येते, श्वास घेतल्यासारखी.

असू द्या तशीच.

घडी घालायच्या शेवटच्या खेपेआधी थांबा. डोळे मिटा, आता मिटा. बोटाने काठ शोधा. तिथून आत या. पहिली चौकट. दुसरी. तिसरी. घाई नको. चौथी. पाचवी.

सहावीवर सरळ टाके आहेत. सरळ. सरळ. सरळ.

सातवी.

इथे.

वाकडा टाका तिथेच आहे.

बोट त्यावर राहू द्या.

*

डोळे उघडा.

घडी पुरी करा. गोधडी गाडीत सगळ्यांत वर ठेवा, दबू नये म्हणून.

गळपट्टा गुंडाळा. टोपी ओढून घ्या.

दार उघडलं की थंडी आत येईल. बाहेर फुटपाथवर, भिंतीतल्या जाळीतून, सुकवण्याच्या यंत्रांची वाफ निघते आहे. तिच्यातून जा. साबणाचा वास दोन पावलं सोबत येईल.

डोक्यावरून गाडी जाते आहे.

ती जाईपर्यंत थांबा.

बरं.

या आता.